वाफेला वाट हवी!

दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणे चोळताना त्यातल्या हळदीने केवढी आग सोसली आहे, हा विचार आपल्या मनाला सहसा शिवत नाही. माझ्याही मनाला तो शिवला नव्हता. वास्तविक माझी सारी उमेद वाफेच्या संगतीत गेली. नळ, झडपा आणि फवाऱ्याच्या तोट्या यांखेरीज मला दुसरा सोबती नव्हता. पण एका झडपेवर किती जीव टांगलेले असतात, हे मला उमगले ते कुठल्या मोठ्या कारखान्यात नव्हे, तर हिंगोली जिल्ह्यात, वसमतजवळच्या एका आखाड्यावर. शेतातल्या वस्तीला इकडे आखाडा म्हणतात.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा आज हळदीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटात हंगामात वाहनांच्या रांगा लागतात, आणि 'वसमत हळदी'ला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेले बेणे आठनऊ महिन्यांनी, माघ-फाल्गुनात, खणून निघते. मात्र जमिनीतून निघालेली हळद लगेच बाजारात नेता येत नाही. ती आधी शिजवावी लागते. शिजल्याने तिची उगवण्याची शक्ती मरते, आतला स्टार्च मऊ होतो, रंग सर्वत्र सारखा पसरतो आणि ती एकसारखी वाळते. कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ राहते. जास्त शिजली तर रंग बिघडतो. म्हणजे शेतकऱ्याच्या आठनऊ महिन्यांच्या घामाचा भाव अवघ्या काही मिनिटांत ठरतो!

पूर्वी हे काम मोठ्या कढईत चाले. पाणी ओतायचे, हळद भरायची, वर पाला झाकायचा आणि पाऊण तास, तासभर खाली जाळ घालायचा. तळची हळद गळून जाई आणि वरची कच्ची राही. आता ट्रॅक्टरमागे जोडलेला 'कुकर' आखाड्यावर येतो. मधोमध बॉयलर आणि बाजूला दोन किंवा चार ड्रम. बॉयलरातली वाफ नळाने ड्रमाच्या तळाशी जाते आणि भोके पाडलेल्या नळीतून हळदीत शिरते. पंधरा-वीस मिनिटांत एक ड्रम तयार! यात गुपित असे काही नाही. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. तीच वाफ थंड हळकुंडावर जाऊन पुन्हा पाणी झाली, की घेतलेले सारे कर्ज एका दमात फेडून टाकते.

या वाफेवर हुकमत चालते ती झडपेची. वाचकांना झडपा सगळ्या सारख्याच वाटतील, पण त्यांच्याही जाती आहेत. गेट व्हॉल्व्हमध्ये एक पाते वरखाली सरकते. तो पूर्ण उघडा तरी ठेवावा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघडा ठेवला, तर ओली वाफ कडेकडेने धावते आणि धातूवर चर पाडते. मग तो कितीही आवळा, गळायचा राहत नाही. वाफ कमीजास्त करायची असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह हवा. त्यात चकती बैठकीवर हळूहळू टेकते. झडप उघडायची तीही सावकाश. नळात साचलेल्या पाण्याला वाफेचा एकदम धक्का बसला, तर ते पाणी घणासारखे जोडावर आदळते.

त्या रात्री मी शेकोटीला बसावे तसा कुकरजवळ बसलो होतो. भट्टीत पऱ्हाट्या, तुराट्या धडधडत होत्या. दोन लहान पोरे उबेसाठी बॉयलरला टेकून पेंगत होती. सहज माझी नजर वर गेली आणि अंगावर काटा आला. सुरक्षा झडपेची दांडी तारेने करकचून बांधलेली होती!

"अरे दादा, ही तार कशाला रे बांधली?" मी कुकरवाल्या पोराला विचारले.

"मामा, ते सारखं फुसफुस करायलंय. वाफ वाया जायली. अजून चाळीस ड्रम उरकायचेत रातीतून."

त्याचाही दोष म्हणावा तरी कसा? त्याला मजुरी ड्रमावर मिळते आणि हंगाम असतो जेमतेम दोनअडीच महिन्यांचा. उडून गेलेली वाफ त्याला उडून गेलेल्या पैशासारखी दिसत होती.

एवढ्यात घरची म्हातारी चहा घेऊन आली. मी तिला विचारले, "आजी, चुलीवर कुकर ठेवला आणि शिटीवर पाटा ठेवला तर काय होईल?"

"आगं बया! फुटंल की त्यो!"

"इथे तेच केले आहे."

म्हातारीने आधी ती पोरे ओढून बाजूला नेली. चहाचे नंतर पाहिले.

ही शिटी आजची नव्हे. १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच माणसाने हाडेसुद्धा मऊ शिजवणारे बंद भांडे लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवले. भांडे फुटू नये म्हणून त्याने तराजूसारखी दांडी आणि वजन लावून झडप बसवली. आतला दाब वजनाला भारी झाला, की झडप आपोआप उचलली जाते. साडेतीन शतके होत आली, तत्त्व तेच आहे.

ते मोडले तर काय होते, याचा हिशेब मी त्या पोराला मातीत काडीने करून दाखवला. चौरस सेंटिमीटरला तीन किलो दाबाखाली पाणी सुमारे १४३ अंशांवर असते. बॉयलर फाटला, की शंभर लिटरांतले सुमारे आठ लिटर पाणी क्षणात वाफ होते. आणि ती वाफ जवळजवळ तेरा हजार लिटर जागा मागते. ती जागा ती पत्रा फाडून आणि माणसे उडवून घेते.

कलकत्त्यात १८६३ साली बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालात तपासणीचा कायदा आला. साऱ्या देशासाठी १९२३ साली कायदा झाला आणि २०२५ साली त्याच्या जागी नवा आला. साखर कारखान्यात बॉयलरवर प्रमाणपत्र मिळवलेला माणूस असतो, निरीक्षक येतो, कागद होतात. पण शेताच्या बांधावर मध्यरात्री कोणता निरीक्षक येणार? तिथे कायदा म्हणजे ती झडपच!

आणि खरे सांगायचे तर झडप फुसफुसते तेव्हा ती तक्रार सांगत असते. मी पाहिले, तो पोरगा शिजलेला ड्रम रिता करताना दोन्ही ड्रमांच्या झडपा बंद करी आणि खाली जाळ मात्र तसाच ठेवी. वाफेने जावे कुठे? दुसरा ड्रम आधी भरून ठेवावा, त्याची झडप सावकाश उघडावी, मग पहिली बंद करावी. ड्रम तयार नसेल तर जाळ मागे ओढावा. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी सतत पाहावी. पाणी आटून पत्रा लाल झालाच, तर थंड पाणी कदापि सोडू नये. आधी आग काढावी आणि दूर व्हावे.

आधी जाळ ओढला. काटा खाली उतरेपर्यंत सारे लांब उभे राहिलो. मग पोराने पक्कड घेतली आणि तार कापली. पुन्हा जाळ घातला, तेव्हा ठरल्या दाबाला झडप फुस्स करून उचलली गेली आणि वाफेचा पांढरा तुरा अंधारात वर चढला. "चालते हाये," तो हसून म्हणाला. त्या रात्री चाळीस ड्रम काही उरकले नाहीत. पहाटे मोजले तेव्हा सहा उरले होते. ते दुसऱ्या दिवशी झाले. हळद कुठे पळून जाणार होती?

आता दिवाळीत उटण्याचा वास आला, की मला तो तुरा आठवतो. वाचकहो, आपल्या घरातली शिटी, गावातला कुकर, दोघांनाही बोलू द्या. गप्प बसलेली झडप बरी, असे ज्याला वाटते, त्याने वाफेला अजून ओळखलेले नाही.