तगर नगराचे चित्र काढताना

लातूरच्या पश्चिमेस, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीकाठी तेर हे गाव आहे. सातवाहनकाळातील तगर नगर ते हेच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील बाजाराचे चित्र तुम्हांला काढायचे आहे, असे समजा. सुरुवात कोठून कराल?

पहिला पुरावा लेखी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे. तेथील साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाते. म्हणजे चित्रात कापडाचे गठ्ठे आणि गाड्या हव्यातच.

दुसरा पुरावा वस्तूंचा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातील मातीच्या मूर्ती निरखून पाहा. माणसांची केशरचना आणि दागिने त्यांवरून घ्या.

आता चुका शोधा. दुकानात लाल मिरच्यांची रास काढलीत? ती पुसून टाका! मिरची, मका, भुईमूग ही मूळची अमेरिकेतील पिके. ती आपल्याकडे आली पोर्तुगीजांनंतर. तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिरही बरेच अभ्यासक सातवाहनांनंतरचे मानतात.

चित्र एकदा डोळ्यांत बसले, की तेच खरे वाटू लागते. म्हणून पुरावा असलेल्या रेषा शाईने काढा आणि तर्काच्या रेषा पेन्सिलीने. उद्या उत्खननात नवे काही सापडले, तर पेन्सिलीची रेघ सहज बदलता येईल.