आवाज एकसारखा की गाणं जसंच्या तसं?

ऑफिसात हेडफोन लावून बसणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, सगळी गाणी एकाच आवाजात वाजली पाहिजेत, सारखा हात व्हॉल्यूमकडे जायला नको. दुसरा म्हणतो, फाइलमध्ये जे आहे तेच कानात आलं पाहिजे, मध्ये कुणाची लुडबुड नको. मी दिवसा पहिल्या पंथात असतो, रात्री दुसऱ्या!

गंमत म्हणजे या दोन मागण्यांचं आपसांत अजिबात पटत नाही. आवाज सारखा करायचा तर सिग्नलला हात लावावाच लागतो. म्हणून सेटिंगही दोन हवीत. विंडोजवर माझा भरवशाचा प्लेयर म्हणजे फूबार २०००. २००२ पासूनचा, फुकट आणि दिसायला अगदी साधा.

आधी दिवसाचं बघू. भीमसेनजींचा संथ आलाप संपून 'झिंगाट' सुरू झालं की माणूस खुर्चीतून उडतो. जुनी रेकॉर्डिंग्ज हळू असतात, तर नव्वदच्या दशकापासून सीडी अधिकाधिक जोरात करण्याची शर्यतच लागली. मामला फक्त दचकण्याचा नाही, कानांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ठीक, पण ९० डेसिबलला फक्त ४!

यावरचा इलाज म्हणजे रीप्लेगेन. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली. प्लेयर प्रत्येक गाणं किती जोरात आहे ते मोजतो आणि तो आकडा फाइलच्या टॅगमध्ये लिहून ठेवतो. मूळ गाण्याला धक्का नाही, नको असेल तेव्हा बंद करा. सगळी गाणी सिलेक्ट करा, राइट क्लिक करून रीप्लेगेनमध्ये जा आणि अल्बमनुसार स्कॅन करा. मग प्रेफरन्सेसमधल्या प्लेबॅकमध्ये सोर्स मोड 'बाय प्लेबॅक ऑर्डर' ठेवा. शफलवर असताना प्रत्येक गाणं वेगळं समतोल होतं. सलग ऐकताना अख्ख्या अल्बमला एकच माप लागतं, म्हणजे संगीतकाराने मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं हळूच राहतं. 'प्रिव्हेंट क्लिपिंग'चा पर्यायही घ्या, आवाज फाटणार नाही.

आता रात्रीचं. विंडोजचा मिक्सर सगळे आवाज एकत्र करतो. सीडीचं गाणं ४४.१ किलोहर्ट्‌झचं आणि तुमचं साउंड डिव्हाइस ४८ वर सेट असेल, तर तो गाण्याचं रूपांतरही करून टाकतो. ते टाळायला आउटपुटच्या यादीत आपल्या डिव्हाइसपुढे 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेलं असेल ते निवडा. रीप्लेगेन बंद, डीएसपीची यादी रिकामी आणि प्लेयरचा व्हॉल्यूम फुल्ल. बस्स, फाइलमधला आकडा न् आकडा तसाच बाहेर पडतो.

पण थांबा! व्हॉल्यूम फुल्ल करण्याआधी हेडफोन कानावरून काढा आणि अँप्लिफायरचा नॉब खाली आणा. असा नॉबच नसेल, तर कृपया या वाटेला जाऊ नका. एक्सक्लुझिव्हमध्ये गाणं सुरू असताना बाकी प्रोग्रॅम्सचे आवाजही बंद होतात. म्हणजे बॉसचा कॉल वाजेल, पण तुम्हाला ऐकू येणार नाही. (काहींना हाच फायदा वाटेल!) आणि ब्लूटूथ हेडफोन असेल तर एवढा खटाटोप कशाला? तिथे वाटेत गाणं बहुधा पुन्हा कॉम्प्रेस होतंच.

खरं सांगू? रीप्लेगेनने आवाज थोडा कमी केला, तर त्यातला फरक कानाला 'हळू' एवढाच कळतो, 'वाईट' असा नाही. त्यामुळे एकच सेटिंग ठेवायचं असेल, तर मी डोळे झाकून पहिलं सुचवेन. शुद्धतेचा हट्ट रविवारी पुरवता येतो. कान मात्र सोमवारीही लागतात.