तांबड्या कातळाची वाट

पन्हाळा ते पावनखिंड मी पावसात सात वेळा चाललोय. पण काळ्या कातळाची ती सवय बदामीत कामाला येत नाही. कोल्हापूरहून निपाणी, चिकोडी, मुधोळ, बागलकोट असा रस्ता धरला की सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जमिनीचा रंगच पालटतो. आपला सह्याद्री लाव्हारसाचा. बदामीचा डोंगर वाळू थरावर थर साचून घट्ट झालेल्या वालुकाश्माचा. त्यातल्या लोहाला गंज चढला, म्हणून तो तांबडा.

बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आखा. उन्हाळ्यात हा दगड तव्यासारखा तापतो. पहाटे निघा, अकराला सावलीत या. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, पकड घेणारे बूट घ्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीच्या तळाशी ठेवा, कारण माकडं हातातलं हिसकावतात.

पहिल्या दिवशी लेणी बघा. तिसऱ्या लेण्यात इ.स. 578 चा चालुक्यकालीन शिलालेख आहे. मग अगस्त्य तलावापलीकडचा उत्तरेचा किल्ला चढा. 1786 मध्ये मराठ्यांनी टिपूकडून बदामी जिंकली होती. दुसऱ्या दिवशी वाटाड्या घेऊन सिदलाफडीला चाला. तिथं नैसर्गिक कमानीखाली आदिमानवाची चित्रं आहेत. परतताना बनशंकरीचं दर्शन घ्या, आपल्याकडच्या अनेक घरांची ती कुलदेवता आहे.

एकच विनंती: त्या चित्रांना हात लावू नका आणि कातळावर नाव कोरू नका. वालुकाश्म मऊ असतो. त्यावरचा ओरखडा पुसला जात नाही.