तीन वायरी आणि बरेच गैरसमज

अंबिया बहाराची तोड सुरू झाली की शेंदूरजनाघाटच्या रस्त्यांना रात्र उरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावातून आणि भोवतालच्या बागांमधून संत्र्याने भरलेले पिकअप, छोटे हत्ती आणि ट्रक वरूडकडे, नागपूरकडे, घाट चढून मध्य प्रदेशाकडे निघतात. समोरून येणाऱ्याचा हाय बीम डोळ्यांवर, रस्त्याच्या कडेला बिनदिव्याची ट्रॉली उभी. अशात गाडीला गाडी घासली की चूक कोणाची यावर तासभर वाद चालतो आणि ज्याच्या बाजूने माणसे जास्त, त्याचे खरे ठरते. समोरच्या काचेवर एक छोटा कॅमेरा असावा, हे चालकांना पटते ते या अनुभवावरून.

कॅमेरा घेतला जातो. तो गाडीच्या विजेला कायमचा जोडायचा म्हटले की मात्र हात आखडतो. "रातच्यातून बॅटरी बसते भाऊ." "वायरिंगले हात लावला का वॉरंटी गेली समजा." "उन्हाळ्यात गाडी पेटते अशानं." ही तीन वाक्ये वऱ्हाडातल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानासमोर ऐकू येतील. तिन्हींत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ती टिकून आहेत. पण नेमका धोका कुठे आहे, ते या वाक्यांमधून कळत नाही. ज्याची भीती बाळगली जाते ते बहुधा निरुपद्रवी असते आणि ज्याकडे कोणाचे लक्ष नसते तिथेच गाडीचे आणि कधी माणसाचेही नुकसान होते.

मुळात कायमची जोडणी हवीच कशाला, असे अनेकांना वाटते. डॅशबोर्डवर सॉकेट आहे, त्यात चार्जर खोचला की काम झाले. चालत्या गाडीपुरते ते खरेच पुरेसे आहे. पण बहुतेक गाड्यांत चावी काढली की हे सॉकेट बंद होते. "कॅमेऱ्यात स्वतःची बॅटरी असतेच की," यावर उत्तर येते. असते, पण ती अगदी चिमुकली असते. वीज अचानक गेली तर चालू असलेली शेवटची फाइल नीट बंद करून जतन करावी, एवढेच तिचे काम. रात्रभर पहारा देणे तिच्या आवाक्यातले नाही. बाजारात किंवा बागेच्या बांधाला उभ्या गाडीला कोणी ठोकून गेले तर ते टिपायला कॅमेऱ्याला गाडीच्या बॅटरीतूनच वीज मिळावी लागते.

त्यासाठी जो संच मिळतो त्यात तीन वायरी असतात. एक कायम वीज असणाऱ्या जागी, दुसरी चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या जागी आणि तिसरी अर्थिंगला. बहुतेक संचांत त्या अनुक्रमे पिवळ्या, लाल आणि काळ्या असतात, पण रंगावर विसंबू नये, वायरीवरचे लेबल वाचावे. दुसऱ्या वायरीतली वीज गेली की गाडी उभी राहिली हे कॅमेऱ्याला कळते आणि तो पार्किंगच्या अवस्थेत जातो. घाईत दोन्ही वायरी कायम वीज असणाऱ्या जागी जोडल्या तर गाडी कधी थांबलीच नाही, अशा समजुतीत कॅमेरा रात्रभर पूर्ण ताकदीने चित्रण करत बसतो. बॅटरी बसल्याची तक्रार आली तर सगळ्यात आधी ही चूक तपासावी. वायरींच्या मध्ये जो छोटा डबा असतो तो बॅटरीचे १२ व्होल्ट उतरवून कॅमेऱ्याला लागणारे ५ व्होल्ट करतो. तो टाळून यूएसबीची वायर कापून थेट १२ व्होल्टला जोडण्याचा जुगाड केला तर कॅमेरा जळतो.

आता बॅटरीचा हिशेब. तो एकदा कागदावर मांडला की निम्मी भीती जाते.

पार्किंगच्या अवस्थेत एक साधा कॅमेरा बॅटरीतून साधारण पाव अँपिअर करंट घेतो. संध्याकाळी सातला लावलेली गाडी सकाळी सातला काढली, तर बारा तासांत ३ अँपिअर-अवर खर्च झाले. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. म्हणजे खर्च नऊ टक्क्यांच्या आत, आणि चांगल्या बॅटरीला तो जाणवतही नाही. पुढचा आणि मागचा असे दोन कॅमेरे असतील तर आकडा पावणेदोन ते दोन पट होतो, तरीही एका रात्रीत गाडी बंद पडण्याएवढा तो नसतो.

गणित बिघडते ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे दिवस. तीच गाडी लग्नासाठी बाहेरगावी गेलेल्या घराच्या अंगणात तीन दिवस उभी राहिली तर १८ अँपिअर-अवर, म्हणजे निम्मी बॅटरी जाते. दुसरे म्हणजे बॅटरीचे वय. वर छापलेले ३५ नवीन असतानाचे असते. लेड-अॅसिड बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. थंड प्रदेशात चार-पाच वर्षे सहज चालणारी बॅटरी इकडे लवकर थकते. अशी थकलेली बॅटरी वरून ठणठणीत दिसते, सेल्फही उचलते, पण तिच्यात साठा उरलेला नसतो. त्यावर कॅमेरा बसवला आणि आठवड्यात गाडीने दगा दिला की बोल कॅमेऱ्याला लागतो. खरे तर ती बॅटरी पुढच्या थंडीत तशीही बसणारच होती.

"मग त्या डब्यात कट-ऑफ असतोच ना, तो बॅटरी वाचवतो." हा गैरसमज पहिल्यापेक्षा घातक, कारण तो निर्धास्त करतो. कट-ऑफ असतो हे खरे. बॅटरीचा व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेला की डबा कॅमेऱ्याची वीज तोडतो. पण तो आकडा कोणता ठेवायचा, हे बसवणाऱ्याच्या हाती असते. पूर्ण भरलेली आणि विसावलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. १२.२ ला ती साधारण निम्मी असते आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी. कित्येक संच मात्र ११.६ किंवा ११.८ च्या सेटिंगवर येतात. त्या आकड्यावर कॅमेरा बंद होईल तेव्हा बॅटरीत वाचवण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. शिवाय अशा खोल उताराने लेड-अॅसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि तिची क्षमता कायमची घटते. इकडच्या उन्हात तापलेल्या, दोन-तीन वर्षे चाललेल्या बॅटरीला १२.२ चे सेटिंग ठेवावे, १२.४ मिळत असेल तर आणखी बरे. पहारा काही तास कमी मिळेल, पण सकाळी गाडी धक्क्याशिवाय सुरू होईल.

"सकाळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवली का बॅटरी भरते," हेही चुकीचे. इंजिन चालू असताना सिस्टीमचा व्होल्टेज १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असतो, ते पाहून बॅटरी भरली असे वाटते. तो आकडा अल्टरनेटरचा. रात्रीचा खर्च भरून यायला गाडी रस्त्यावर धावावी लागते, उभ्या गाडीचे इंजिन दहा मिनिटे घरघरत ठेवून तो भरत नाही. शेंदूरजनाघाटहून वरूडपर्यंतची रोजची छोटी फेरी असेल आणि प्रत्येक फेरीत दोन-तीनदा सेल्फ मारला जात असेल, तर बॅटरी हळूहळू तुटीतच राहते. अशांनी आठवड्यातून एकदा लांब फेरी करावी, नाहीतर पार्किंगचा पहारा गरजेपुरताच चालू ठेवावा.

आता वायर कापण्याबद्दल. नीट काम करणारा माणूस गाडीची एकही वायर कापत नाही. फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज काढून तिथे फ्यूज टॅप नावाचा जोड बसतो. त्यात दोन खाचा असतात, एकीत मूळ फ्यूज आणि दुसरीत कॅमेऱ्याचा. उद्या कॅमेरा काढला, टॅप उपटला, मूळ फ्यूज परत लावला की गाडी होती तशी. वॉरंटीचा प्रश्न उठतो तो मूळ वायरीचे आवरण सोलून, तिला पीळ देऊन, वर टेप गुंडाळली असेल तर. त्या सर्किटात बिघाड झाला आणि तिथे कापलेली वायर सापडली तर कंपनी दावा नाकारू शकते, आणि तिचे फारसे चुकतही नाही. उन्हात टेपचा चिकटा वितळतो, टेप सुटते आणि उघडी तार पत्र्याला टेकते. "गाडी पेटते" हे वाक्य इथून जन्माला आले आहे.

त्यातून फ्यूजच नसेल तर टेकलेली तार काही क्षणांत लाल होते. इथे एक समजूत खोल रुजलेली आहे की फ्यूज उपकरणाला वाचवतो आणि म्हणून मोठा फ्यूज म्हणजे जास्त सुरक्षितता. फ्यूज वाचवतो वायरीला. ती जेवढा करंट सोसू शकते त्याच्या आत फ्यूज उडाला पाहिजे. अर्धा-एक अँपिअर घेणाऱ्या कॅमेऱ्याला २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. २ चा करड्या रंगाचा, ३ चा जांभळा. तो वारंवार उडतो म्हणून कोणी पिवळा, २० अँपिअरचा लावला, तर पुढच्या वेळी फ्यूजच्या आधी वायर जळेल. टॅप बसवण्याची दिशाही महत्त्वाची. तो उलटा लागला तर कॅमेरा चालतो, पण त्याचाही करंट मूळ फ्यूजमधून जातो आणि त्या फ्यूजवर नको तो भार पडतो. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा संगणक आणि पॉवर स्टिअरिंग यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. सॉकेटचा, रेडिओचा, मागच्या वायपरचा फ्यूज या कामाला चालतो. तिथे कायम वीज असते की चावीसोबत येते, हे मल्टिमीटरने तपासून घ्यावे, तेही गाडी बंद करून काही मिनिटे थांबल्यावर, कारण नव्या गाड्यांत काही सर्किटे लॉक केल्यानंतरही थोडा वेळ जागी राहतात.

अर्थिंग म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक, असे समजून काही जण काळी वायर थेट तिथे नेतात. नव्या गाड्यांत त्या टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घातला तर कॅमेऱ्याचा खर्च त्याच्या हिशेबात येत नाही आणि बॅटरीत किती उरले याचा गाडीचा अंदाज चुकतो. फ्यूज बॉक्सजवळच्या बॉडीच्या बोल्टाखाली, रंग नसलेल्या धातूवर वायर घट्ट करावी.

सगळ्यात कमी चर्चा होते ती एअरबॅगची, आणि जीव जाऊ शकतो तो इथेच. भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पुढच्या प्रवाशाची २०२१ मध्ये. त्यानंतर बाजूच्या पडदा-एअरबॅगही मध्यम किमतीच्या गाड्यांत आल्या. ही पडदा-एअरबॅग काचेशेजारच्या खांबाच्या आवरणाखाली आणि छताच्या कडेला घडी घालून ठेवलेली असते. धडक बसली की पापणी लवायच्या आत ती उघडते. कॅमेऱ्याची वायर नेमकी याच खांबावरून खाली उतरते. घाईत ती एअरबॅगच्या पुढून ओढली तर उघडताना पिशवी अडू शकते किंवा वायर, क्लिप चेहऱ्याकडे भिरकावली जाऊ शकते. आवरण काढून वायर एअरबॅगच्या मागून न्यावी आणि मूळ वायरिंगच्या जुडग्याला पट्टीने बांधावी. हे करायला अर्धा तास जास्त लागतो. ज्याला ते करायचे नाही, त्याला हे काम देऊ नये.

ट्रकवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पिकअप आणि छोटा हत्ती १२ व्होल्टवर चालतात, मोठे ट्रक २४ वर, म्हणजे दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून. १२ व्होल्टचा संच हाताशी आहे म्हणून तो दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडतात. ती एक सतत उतरत राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरते आणि वर्षभरात दोन्ही बदलाव्या लागतात. २४ व्होल्टला चालणारा संच घ्यावा.

उन्हाबद्दलही एक शब्द. कॅमेऱ्यातली लिथियम बॅटरी साधारण ६० अंशांपर्यंत तग धरते आणि बंद गाडीच्या काचेमागे मे महिन्यात तेवढी उष्णता सहज साठते. फुगलेले कॅमेरे त्यामुळेच दिसतात. लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा इकडच्या हवामानाला योग्य.

डॅशकॅम बेकायदा आहे, असेही कुठे कुठे ऐकू येते. देशात त्यावर बंदी नाही, चालकाची नजर अडू नये एवढे पाहावे. उलट टोकाचा समज असा की चित्रण दाखवले की खटला जिंकला. त्याचे उत्तर जालन्याने देशाला दिले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज वेळ उलटल्यावर स्वीकारले गेले, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० च्या निकालात सांगितले की चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर मात्र त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा, नोंदवावी लागते. व्हॉट्सॲपवर फिरलेली, दाबून लहान झालेली क्लिप इथे कामाची नाही. अपघात झाल्यावर कार्ड लगेच काढून जपून ठेवावे. ६४ जीबीचे कार्ड साधारण आठ-नऊ तासांत भरते आणि कॅमेरा जुन्या चित्रणावर नवे लिहू लागतो.

कॅमेरा बसवून झाला की पहिल्याच रात्रीनंतर एक काम करा. सकाळी चावी फिरवण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. १२.४ किंवा वर दिसले तर जोडणी बरोबर आहे आणि बॅटरी धडधाकट आहे. १२.२ च्या खाली दिसले तर कॅमेरा काढून टाकायची घाई करू नका, आधी दुसरी वायर चावीसोबतच्या विजेवर आहे का ते पाहा आणि मग बॅटरीवरची तारीख वाचा.