विश्लेषण : कर सल्लागाराकडे दिलेला तुमचा पासवर्ड कितपत सुरक्षित?

मानवत किंवा सेलूच्या बाजारातल्या एखाद्या कापूस व्यापाऱ्याला त्याच्या जीएसटी खात्याचा पासवर्ड विचारून पाहा. ‘तो सीए साहेबांकडे असतो’ हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. पासवर्डच काय, पॅन, आधार, बँकेचे उतारे, भागीदारीचे करारपत्र, कुणाचे किती देणे आहे याचा हिशेब, सगळे त्याच एका कार्यालयात. अशा शेकडो ग्राहकांची माहिती अनेकदा एकाच संगणकावर असते. बँकेला पहारा असतो. इथे मात्र ‘पासवर्ड’ याच नावाची एक एक्सेल फाइल असते.

चोराला यातून काय मिळते?

तुमची ओळख. दुसऱ्याच्या पॅन-आधारवर जीएसटी नोंदणी काढायची, मालाशिवाय बिले फाडायची आणि पसार व्हायचे, हा प्रकार देशात इतका बोकाळला की 16 मे ते 15 जुलै 2023 या काळात बोगस नोंदण्या शोधण्यासाठी विशेष मोहीम घ्यावी लागली. यात नोटीस येते ती चोराला नव्हे, पॅन ज्याचे त्याला.

कागदपत्रांच्या गैरवापराचे आरोप परभणी जिल्ह्याला नवे नाहीत. गंगाखेड तालुक्यात शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर त्यांच्या नावे परस्पर कर्ज उचलल्याच्या आरोपावरून 2017 मध्ये गुन्हा दाखल झाला होता. त्यात सायबर हल्ला नव्हता. पण कागदांच्या झेरॉक्सवर असा आरोप होऊ शकतो, तर त्याच कागदांच्या पीडीएफ फाइली आणि जोडीला पासवर्ड हाती लागल्यावर काय होईल, याची कल्पना यावी.

मोठ्या कंपन्या तरी सुटल्या का?

नाही. डेलॉइट ही जगातल्या चार बड्या लेखा कंपन्यांपैकी एक. तिच्या ईमेल यंत्रणेत हल्लेखोर शिरल्याचे सप्टेंबर 2017 मध्ये उघड झाले. तेव्हाच्या बातम्यांनुसार, ज्या खात्यातून ते शिरले त्याला एकच पासवर्ड होता, ओटीपीसारखी दुसरी पायरी नव्हती.

त्याच वर्षीच्या जून महिन्यातली घटना आपल्याला अधिक जवळची. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम लपवला गेला. तो जगभर पसरला. डीएलए पायपर या बड्या वकिली कंपनीचे फोन आणि ईमेल बंद पडले, आणि इकडे न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले.

मग काळजी घेणारे कार्यालय काय करते?

पहिली गोष्ट म्हणजे ते ग्राहकाचा पासवर्ड घेतच नाही. जीएसटी पोर्टलवर व्यापाऱ्याला स्वतःच्या लॉगिनमधून नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर नेमता येतो आणि काढताही येतो. नेमलेला माणूस स्वतःच्या लॉगिनने काम करतो. ही सोय असूनही पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवला जातो. घाई दोन्हीकडे असते, हे खरे कारण.

दुसरी गोष्ट डिजिटल सही. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे हे टोकन म्हणजे तुमची कायदेशीर स्वाक्षरी. अनेक ठिकाणी ती टोकने रबर लावून ड्रॉवरमध्ये पडलेली असतात, वर नावाची चिठ्ठी, आणि कधी कधी त्याच चिठ्ठीवर पिन! कोऱ्या चेकवर सही करून देण्यापेक्षा हे वेगळे नाही. दुसऱ्याची डिजिटल सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टोकन ग्राहकाकडेच राहावे, आणि ठेवायचेच असेल तर कुलपात, नोंदवहीत सही घेऊन.

बाकी नियम साधे आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळे लॉगिन, नोकरी सोडली की त्याच दिवशी ते बंद. चोरीचे सॉफ्टवेअर नको. डेटाची एक प्रत अशा हार्ड डिस्कवर, जी काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवली जाते. ती जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो. आयकर नोटिशीचा ईमेल आला तर त्यातली लिंक न दाबता थेट पोर्टलवर जाऊन खात्री करायची. ऐन मुदतीच्या आठवड्यात असे बनावट मेल हमखास फसवतात.

कायदा काय म्हणतो?

ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीविना उघड करणे हे 1949 च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीपणासाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डेटा फुटला तर तो ज्यांचा आहे त्यांना कळवणेही त्यात बंधनकारक आहे. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या कार्यालयांपर्यंत याची जाणीव कितपत पोहोचेल, याविषयी शंका वाटते.

तुम्ही आज काय तपासाल?

आयकर आणि जीएसटी पोर्टलवर तुमच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल क्रमांक कुणाचा आहे ते पाहा. कर सल्लागाराचा असेल तर ओटीपीही त्यालाच जातो आणि तुमच्या नावाने काय भरले गेले हे तुम्हाला कळत नाही. तो बदलून स्वतःचा टाका आणि पासवर्डही बदला. आर्थिक फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकतात.