दुधाचा हिशेब आणि तारांची पेटी



तुमच्या गोठ्यातले दूध केंद्रावर गेले की त्याचे वजन, फॅट, एसएनएफ आता संगणकात चढते. आतल्या खोलीत बिले करणारा दुसरा संगणक, प्रिंटर, भिंतीवर कॅमेरे, शेजारी पशुखाद्याचे दुकान. हे सारे तारांनी जोडलेले असते. ऐन सकाळच्या रांगेत ही जोडणी तुटली, की नोंद कागदावर जाते, एखादी राहते आणि दहा दिवसांच्या बिलात घोळ होतो. तेव्हा दूध संस्था असो, कृषी सेवा केंद्र असो की मुलाने काढलेली डाळमिल, तारांचे काम एकदाच पण नीट करून घ्या.

मोबाईलला वायफाय ठीक आहे. पण जाड भिंत आणि पत्रा त्याच्या लहरी अडवतात. जे यंत्र जागचे हलत नाही, त्याला तारच भरवशाची.

पेटीत काय असते?

आपल्या पाइपलाइनवरून समजून घ्या. जमिनीत गाडलेला पाइप आपण हलवत नाही. हलवायची ती वरची रबरी नळी. तसेच भिंतीतून आलेल्या कायमच्या तारा पेटीतल्या पॅच पॅनेलला जोडून टाकायच्या. तिथून स्विचपर्यंत हातभर लांबीच्या सुट्या तारा लावायच्या. ओढाताण झाली तर सुटी तार बदलली की भागते. भिंत फोडावी लागत नाही.

पेटीतील उंची ‘यू’ या मापाने मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. लहान धंद्याला ६ किंवा ९ यूची, भिंतीवर बसणारी पेटी पुरते. थोडी जागा मोकळी राहू द्या. वायफायचा राउटर मात्र लोखंडी पेटीत कोंडू नका. लहरी आतच अडकतील.

जागा कोणती?

पक्क्या विटांची, कोरडी भिंत निवडा. केंद्राची फरशी रोज धुतली जाते, म्हणून पेटी उंचावर हवी. पण तापणाऱ्या पत्र्याला खेटून नको. खताच्या गोदामात तर मुळीच नको. खतांचा ओलावा तांब्याला खातो. तारा पाइपातून न्या आणि भोके बुजवा, म्हणजे उंदीर शिरणार नाहीत.

तार पारखून घ्या

कॅट ६ जातीची, निखळ तांब्याची तार मागा. स्वस्त तारेत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. पात्याने खरवडून पाहा; आतून पांढरी निघाली तर परत करा. एका तारेची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. विजेच्या वायरीपासून ती फूटभर दूर न्या आणि काटकोनात दुमडू नका. आत आठ रंगीत तारा असतात. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा.

वीज आणि पाऊस

दुकान वेगळ्या इमारतीत असेल तर मधे तांब्याची तार ओढू नका. जवळपास वीज कोसळली तर तिचा झटका त्या तारेतून दोन्हीकडची यंत्रे जाळू शकतो. तिथे फायबर घाला. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. मात्र त्या फायबरला धातूची तार किंवा आवरण नसावे.

पेटीचे लोखंड परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगला जोडून घ्या. स्विच आणि राउटर फार थोडी वीज खातात. त्यांच्यापुरता लहान यूपीएस ठेवला तरी लाइट गेल्यावर काही वेळ काम चालते.

पैसे देण्यापूर्वी

प्रत्येक तार समोर तपासून घ्या. दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा. कोणता क्रमांक कुठे जातो, याचा कागद पेटीच्या दाराला आतून चिकटवा. मग कारागीर परगावी असला, तरी ‘सात नंबरची तार काढून आठमध्ये घाला’ एवढे फोनवर सांगून रांग पुढे सरकेल.