संगणकाची साफसफाई : तण कोणते, ऊस कोणता?



सातबारा काढणे, ठिबकचा अर्ज भरणे, ऊसबिलाचा हिशेब ठेवणे अशा कामांसाठी आता पुष्कळ सभासदांच्या घरी संगणक आला आहे. चार-पाच वर्षांत तो मंदावतो आणि पडद्यावर जाहिरात झळकते : 'फुकट साफसफाई करा, वेग वाढवा.' पोरं लगेच बटण दाबून मोकळी होतात. यात फायदा किती नि धोका किती, ते सभासदांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते.

फायदा आहे, नाही असे नाही. तात्पुरत्या फायली, जुन्या अपडेटचे अवशेष, रिसायकल बिनमधला माल काढला की डिस्कवर जागा होते. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर फरकही जाणवतो. पण मशीनच जुने नि मेमरी तोकडी असेल, तर नुसत्या झाडलोटीने ते पळू लागत नाही.

आता धोका. पाचट दिसायला कचरा, पण सरीत ठेवले तर ओल धरते. ब्राउझरमधला कॅशे तसाच. तो पुसला की तीच पाने पुन्हा नव्याने उतरवावी लागतात. 'रजिस्ट्री' ही तर विंडोजची नोंदवही. तिच्यातली हवी ती नोंद गेली तर प्रोग्राम अडतात, कधी मशीन सुरूच होत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही.

साधन नावाजलेले असले म्हणून निर्धास्त राहू नये. २०१७ च्या ऑगस्टमध्ये 'सीक्लीनर'च्या अधिकृत आवृत्तीतच चोरट्यांनी घातक प्रोग्राम घुसवला. सप्टेंबरात ते उघडकीस आले, तोवर सुमारे २२ लाख ७० हजार जणांच्या संगणकांत ती आवृत्ती पोचली होती.

मग करावे काय? विंडोजमध्ये 'डिस्क क्लीनअप' व 'स्टोरेज सेन्स' ही साधने आहेतच, वेगळा पैसा नको. मात्र यादी नीट वाचून खूण करावी. 'डाउनलोड्स'चे नाव दिसले तर हात आवरावा; आपले सातबारे, बँकेचे उतारे बहुधा तिथेच पडून असतात. आधी महत्त्वाच्या कागदांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. 'तुमच्या संगणकात शेकडो दोष, पैसे भरा' असे कुणी दाखवले तर एक पैसाही देऊ नये.

खुरपे चालवण्याआधी तण कोणते नि ऊस कोणता हे आपण पाहतोच. संगणकापुढे बसतानाही तेवढे पाहावे, ही विनंती.